आधी पाण्याला वाट, मग रस्त्याला भराव

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यात रस्त्याचे रुंदीकरण चालू नाही असा तालुका सध्या शोधावा लागेल. मावेजा, तोडलेली झाडे, रखडलेले पूल यांवर आपल्या पत्रात वरचेवर येते आणि ते यायलाच हवे. पाण्याचा विषय मात्र जूनमध्ये एखादा पर्यायी पूल वाहून गेला, चार गावांचा संपर्क तुटला की दोन दिवस गाजतो आणि संपतो. रस्त्याच्या कडेला ज्याचे सोयाबीन दरवर्षी पाण्यात बसते किंवा ज्याचा बांध मोरीच्या (रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या वाटेच्या) तोंडाशी दरवर्षी हातभर खचतो, त्याची बातमी होत नाही.

आमचे म्हणणे असे, की ही हानी पावसापेक्षा कामाच्या क्रमामुळे जास्त होते. भराव आधी पडतो, मोऱ्या मागून येतात आणि मोरीतून निघालेले पाणी पुढे कुणाच्या शेतातून कुठे जाणार याचा विचार शेवटपर्यंत होत नाही. हा क्रम उलटा करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. त्यासाठी लागणारे नियमही बरेचसे कागदावर आहेत.

आपल्याकडचे ओढे आठ महिने कोरडे असतात. सर्वेक्षण बहुधा उन्हाळ्यात होते, तेव्हा लवण, म्हणजे पावसाचे पाणी वाहून जाणारी सखल वाट, नुसती खोलगट जमीन दिसते. कुणी तिथे तूर घेतलेली असते, कुणी बांध सरकवलेला असतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, त्यात अशी लवणे उमटत नाहीत. गावनकाशावर मात्र ती बहुतेक वेळा सापडतात, आणि गावातली जुनी माणसे बोट ठेवून सांगतात की पाणी कुठपर्यंत चढते. बालाघाटाच्या उतारावर किंवा अजिंठ्याच्या पायथ्याला तासात ५०-६० मिमी पाऊस झाला, की त्याच कोरड्या लवणातून माणूस उभा राहणार नाही असे पाणी जाते. खाली कातळ आणि मुरूम, वर काळी माती. भेगाळलेली माती पहिले पाऊस पिऊन घेते. भिजून फुगली आणि भेगा मिटल्या की पुढचा बराचसा पाऊस वरूनच वाहतो. २०२५च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणेच्या काठांनी जे सोसले ते अशा तृप्त जमिनीवर पडलेल्या पावसाचे होते.

अतिवृष्टीची सरकारी मोजणी २४ तासांत ६५ मिमीची आहे. पीकनुकसानीच्या मदतीसाठी ती ठीक, पण मोरीच्या हिशोबाला दिवसाचा आकडा पुरत नाही. मोरीला त्या एका तासाचा, लहान पाणलोट असेल तर अर्ध्या तासाचा जोर सोसायचा असतो. महावेध या हवामान-नोंद प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे आता महसूल मंडळांत बसली आहेत. तिथला तासागणिक पाऊस पाहून मोऱ्यांचे हिशोब तपासणे शक्य आहे आणि ते झाले पाहिजे.

आता रुंदीकरणाने पाण्यात किती भर पडते ते पाहू. ७ मीटर डांबरी रस्त्याचा १७ मीटर झाला, तर दर किलोमीटरला १० हजार चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टर नवी कडक जमीन तयार होते. ५० मिमीच्या एका पावसात त्या जादा रुंदीवर ५०० घनमीटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे ५० टँकर. जमिनीवर त्यातले काही मुरले असते, डांबरावरून ते सगळे काही मिनिटांत कडेला येते. संपूर्ण १७ मीटर धरले तर ८५ टँकर. उन्हाळ्यात ज्या गावाला दिवसाला दोन टँकर मिळवताना नाकी नऊ येतात, त्याच गावाच्या शिवेवर हे पाणी शेतात घुसून नुकसान करते.

तरीही रस्त्यावर पडणारे पाणी हा प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग भरावाचा. जुना रस्ता जमिनीलगत होता, पावसाचे पातळ पसरलेले पाणी त्यावरून ओलांडून जाई. नवा रस्ता दीड-दोन मीटर उंच. वरच्या अंगाच्या शेतांसाठी तो बंधारा होतो. मग तीनशे-चारशे मीटरवरचे सगळे पाणी भरावाच्या पायथ्याने धावत एका मोरीशी येते आणि खालच्या अंगाला, जिथे कधी एवढे पाणी गेलेच नाही अशा शेतात एकवटून बाहेर पडते. वरच्याचे पीक पिवळे पडते, खालच्याची माती वाहून जाते. ‘दोन लवणे एकाच मोरीत वळवू, एक मोरी वाचेल’ हा हिशोब आम्हाला अत्यंत चुकीचा वाटतो. दोन लवणांचे पाणी वाहून न्यायला खालचा ओहोळ घडलेलाच नसतो. प्रत्येक लवणाला तिची मोरी हवी, आणि सपाट शिवारात दोन लवणांच्या मध्येही एखादी समतोल मोरी, म्हणजे भरावाच्या दोन्ही अंगांचे पाणी सारख्या पातळीत ठेवणारी मोरी, हवी.

मोरी केवढी, याचे एक उदाहरण देतो. पाणलोट १०० हेक्टर, पावसाचा जोर तासाला ६० मिमी, आणि जमीन भिजलेली असताना निम्मा पाऊस वाहतो असे धरू. गुणाकार करून ३६० ने भागले की उत्तर येते सेकंदाला ८.३ घनमीटर. १२०० मिमी व्यासाचा ह्यूम (काँक्रीटचा) पाईप तुडुंब भरून, सेकंदाला अडीच मीटर वेगाने वाहिला तर २.८ घनमीटर नेतो. म्हणजे तीन पाईप काठोकाठ भरून जेमतेम पुरतील. दोनच टाकले, तर दर सेकंदाला २.७ घनमीटर पाणी मागे राहते. अर्ध्या तासात जवळपास ४,९०० घनमीटर, म्हणजे एक हेक्टर शेतावर अर्धा मीटर पाणी. आणि हे सगळे पाईप स्वच्छ असतील तर. प्रत्यक्षात पहिल्या पुराबरोबर बांधावरच्या पऱ्हाट्या, तुराट्या, वेड्या बाभळीच्या फांद्या आणि प्लास्टिक येते. दोन पाईपमधल्या भिंतीवर पऱ्हाटी आडवी अडकली, की तिच्यावर सगळा पसारा रचला जातो. त्यामुळे कापसाच्या पट्ट्यात ओळीने पाईप टाकण्याऐवजी ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच अशी एक पेटी (चौकोनी काँक्रीट) मोरी घालावी. तेवढेच पाणी ती सुमारे १.१ मीटर खोलीने नेते आणि वर कचरा तरंगत जायला जागा राहते. सेकंदाला ३ ते ३० घनमीटर विसर्गाच्या पुलांना इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता पाण्यावर ६०० मिमी मोकळी उंची सांगते. तीच मोरीलाही लावावी. पाईपच घालायचा असेल तर १२०० मिमीपेक्षा लहान नको. त्याहून लहान पाईपमध्ये माणूस शिरून गाळ काढू शकत नाही, आणि तुंबलेला पाईप पुढच्या खोदकामापर्यंत तसाच राहतो.

रुंदीकरणातले सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे जुन्या मोऱ्या लांबवणे. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण निम्मे नुकसान इथे होते. जुन्या रस्त्यांखाली दगडी बांधकामाच्या, फरशीच्या किंवा कमानीच्या मोऱ्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक अजून भक्कम आहेत. त्या पाडत नाहीत, दोन्ही अंगांना वाढवतात. मूळ मोरी दीड मीटर रुंद, दीड मीटर उंच, म्हणजे सव्वादोन चौरस मीटरची वाट. वाढीव भागाला ९०० मिमीचा पाईप जोडला, की वाट ०.६४ चौरस मीटर उरते. मधला भाग कितीही प्रशस्त असला तरी पाणी त्या पाईपाएवढेच जाणार. शिवाय जिथे मोठे तोंड संपून लहान पाईप सुरू होतो तिथे आतमध्ये पायरी तयार होते. कचरा तिथेच अडतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिसतही नाही. वाढीव भागाचा गाळा (पाणी जायची मोकळी जागा) जुन्याइतका किंवा त्याहून मोठा हवा, लहान कधीच नको.

तळाची पातळी ही दुसरी चूक. वरच्या अंगाचा वाढीव तळ जुन्यापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर उंच राहिला तर त्यामागे गाळ साचतो. खालच्या अंगाचा तळ ओढ्याच्या पात्रापेक्षा उंच राहिला तर पाणी उडी मारते, खाली डोह पडतो आणि तो डोह हळूहळू मोरीच्या पायाखाली शिरतो. तिसरी चूक कोनाची. ओढा रस्त्याला तिरपा ओलांडत असतो, वाढीव भाग मात्र सोपा पडतो म्हणून काटकोनात घातला जातो. मग बाहेर पडणारे पाणी समोरच्या काठावर आदळते आणि दोन पावसाळ्यांत तिथल्या शेतकऱ्याचा बांध गेलेला असतो. मोरी ओढ्याच्या रेषेत ठेवायला चार-पाच मीटर जादा लांबी लागते. तेवढा खर्च करावा.

चौथी चूक सांध्याची. जुना भाग शंभर वर्षे बसून स्थिर झालेला, नवा भाग ताज्या खोदलेल्या जमिनीवर. खाली काळी माती असेल तर ती भिजून फुगते, वाळून आकसते. नवा भाग खचतो, सांध्यात बोटभर फट पडते, पाणी तिच्यातून भरावात शिरते आणि मुरूम आतून वाहून नेते. रस्त्यावर नेमका जुन्या-नव्याच्या रेषेवर दुसऱ्या पावसाळ्यात खड्डा पडतो. डांबर टाकून तो बुजवला जातो, पुन्हा पडतो. उपाय पायातच आहे. काळी माती पूर्ण काढून कठीण मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत जायचे, वर १५० मिमी काँक्रीटचा थर द्यायचा, जुन्या-नव्यात भराव-पट्टीसह मोकळा सांधा ठेवायचा, दोन्ही भाग गिलाव्याने एकसंध करण्याच्या फंदात पडायचे नाही. मोरीच्या दोन्ही अंगांचा भराव १५० मिमीच्या थरांनी, दोन्हीकडे सारखा चढवत, लहान कॉम्पॅक्टरने दाबायचा. टिप्पर एका अंगाला रिकामा केला तर भिंत ढकलली जाते. उभ्या भिंतीमागे ६०० मिमी जाडीचा दगड-खडीचा गाळण थर आणि भिंतीत मीटर-मीटर अंतरावर १०० मिमीची झिरपछिद्रे. ही छिद्रे बहुतेक ठिकाणी असतात, पण मागे गाळण थर नसल्याने काळ्या मातीने बुजलेली असतात.

पाणी बाहेर पडते तिथला बंदोबस्त तर जवळजवळ कुठेच पूर्ण दिसत नाही. फरशीबंद तळाच्या पुलांसाठी ठरलेली पद्धत अशी: फरशीचा माथा पात्राच्या सर्वांत खालच्या पातळीपेक्षा ३०० मिमी खाली, फरशी वरच्या अंगाला ३ मीटर आणि खालच्या अंगाला ५ मीटर पुढे, तिच्या टोकाला जमिनीत उतरणारी पडदी भिंत वर २ मीटर आणि खाली अडीच मीटर खोल, आणि तिच्याही पुढे किमान ४० किलो वजनाच्या सुट्या दगडांचा मीटरभर जाड थर, वर ३ मीटर, खाली ६ मीटर. लहान मोरीला ही मापे त्या मानाने कमी करता येतात आणि खडक लागला तर पडदी भिंत खडकात खाचून थांबवता येते. मात्र पडदी भिंत वगळणे आणि सुट्या दगडांऐवजी खोदकामातला मुरूम पसरणे यांना काही आधार नाही. मुरूम पहिल्याच पुरात जातो, मग फरशीखालची माती आणि शेवटी फरशी.

आता बांधकाम चालू असतानाचे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या कामाच्या तपशीलात (स्पेसिफिकेशन्स, पाचवी आवृत्ती, २०१३) कलम ३०६ हे मातीची धूप आणि गाळ रोखण्यासाठीच आहे. ठेकेदाराने काम सुरू करण्याआधी या उपायांचे वेळापत्रक अभियंत्याकडून मंजूर करून घ्यायचे असते. पण त्याच कलमानुसार तात्पुरत्या गाळनियंत्रणाची कामे मातीकामातच धरली जातात, त्यांचे वेगळे देयक निघत नाही. मूळ दुखणे हेच. ज्या कामाला देयकात ओळ नाही ते साइटवर होत नाही, आणि झाले नाही म्हणून कुणाचे पैसे कापलेही जात नाहीत. सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि महामार्गाच्या यंत्रणांनी मराठवाड्यातल्या प्रत्येक नव्या निविदेत ही कामे परिमाणांसह वेगळ्या बाबी म्हणून दाखवावीत, ही आमची मुख्य मागणी आहे. भरावाच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ आहे.

त्या बाबी काय असाव्यात? पहिली, वरच्या शेतांतून येणारे स्वच्छ पाणी कामाच्या जागेत शिरूच न देणारा चर, भरावाच्या पायथ्यापासून थोडा दूर, आणि तो थेट ओढ्यात नव्हे तर मोरीच्या दगडी तोंडाशी संपणारा. भराव टाकण्याआधी हा चर आणि मोरी दोन्ही झालेली हवीत. दुसरी, कडेच्या चरांत सुट्या दगडांचे छोटे बांध. पाणलोटाची कामे झालेल्या गावांना लूज बोल्डर नवे नाहीत. उंची ६० सेंटिमीटरपर्यंत, मधला भाग कडांपेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली, नाहीतर पाणी बांधाला वळसा घालून चराचा काठच कापते. अंतर असे, की वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत येतील: ४ टक्के उताराला १५ मीटर, २ टक्क्यांना ३०. मागे अर्ध्यापर्यंत गाळ साचला की काढायचा. तिसरी, ओढ्यात पाणी सोडण्याआधी गाळ बसवण्याचा खड्डा, उघड्या जमिनीच्या दर हेक्टरमागे साधारण २५० घनमीटर क्षमतेचा. खड्डा लांबट हवा. पाणी एका टोकाने येऊन दुसऱ्या टोकाने, वरच्या थरातून बाहेर पडले पाहिजे.

कापडी गाळ-अडवणीचे (सिल्ट फेन्स) फोटो हल्ली अहवालांत दिसतात. ती लावायची तर कापडाची खालची कड १५ सेंटिमीटर खोल चरात गाडून, समपातळीत, टोके चढाकडे वळवून, आणि ३० मीटर लांबीमागे पाव एकराहून जास्त जमिनीचे पाणी तिच्यावर येणार नाही अशा बेताने. ओढ्याच्या पात्रात आडवी बांधलेली जाळी पहिल्या लोंढ्यात जाते. आणि काळ्या मातीपुढे कापडाची मर्यादा ओळखावी. बारीक वाळूचा कण मीटरभर पाण्यातून सुमारे दोन मिनिटांत तळाला जातो, पोयट्याचा पाऊण तासात. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण मात्र तीन दिवस घेतो, तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. तो कापडातून जातो आणि लहान खड्ड्यातूनही. म्हणून काळ्या मातीच्या पट्ट्यात खरा उपाय माती उघडीच न ठेवण्याचा आहे. १ जूनला जितक्या लांबीचा भराव उघडा असेल तितकाच गाळ ओढ्यात जाणार. मे अखेरीस ज्या लांबीत मोऱ्या, पायथ्याचा चर आणि उतारावरचे आच्छादन पूर्ण होणार नाही, तिथे नवा भराव सुरू करू नये.

उतारावरचे आच्छादन म्हणजे शेतातून काढलेली वरची १५ सेंटिमीटर सुपीक माती परत पसरणे आणि तिच्यावर गवत. ही माती काढताना वेगळी रचून ठेवावी लागते. आपल्याकडे ती मुरमाखाली गाडली जाते आणि मग उघड्या मुरमावर झाडे जगत नाहीत म्हणून तक्रार होते. हराळी, मारवेल, अंजन ही गवते इथलीच आहेत, वाळ्याची मुळे खोल जातात. तीव्र उतारावर काथ्याची जाळी अंथरून तिच्याखाली बी टाकले तर पहिले दोन-तीन पाऊस माती धरून राहते. तीन मीटरहून उंच भरावावर रस्त्याचे पाणी जिथून उतरेल तिथे काँक्रीटचा पन्हळ हवा, आणि त्याच्या तळाशी दगडी खळगा. पन्हळ मधेच संपवला की टोकाशी घळ पडते. वळणावर एका बाजूचा रस्ता दुभाजकाकडे उतरतो, तिथे दुभाजकात चर आणि आडवा पाईप नसेल तर पाणी रस्त्यावरूनच वाहते आणि रात्री वेगात येणारी गाडी त्यावर घसरते. त्यात माणसे दगावतात, म्हणून इथे सवलत नको.

पर्यायी रस्ते. पुलाचे काम चालू असताना ओढ्यात मुरूम ढकलून त्यात दोन पाईप ठेवायचे आणि वर वाहतूक सोडायची, ही सर्रास पद्धत आहे. पाईप कोरड्या दिवसांच्या ओहोळापुरते असतात. पूर आला की मुरुमाचा हा ढीग आधी पाणी तुंबवतो, मग एकदम फुटतो आणि साचलेले सगळे पाणी खालच्या वस्तीवर जाते. पावसाळ्यात जो पर्यायी रस्ता राहणार आहे तो वरून पाणी जाईल हे धरूनच बांधावा: उंची कमी, मधला भाग सर्वांत खोल, माथा आणि खालचा उतार दगडी किंवा काँक्रीटचा, दोन्ही टोकांना पाण्याची पातळी दाखवणारे खांब आणि पाणी माथ्यावर आले की बंद करायला फाटक. पूल खुला झाल्यावर हा ढीग पात्रातून पूर्ण उचलायचा. अनेक ठिकाणी नवा पूल उभा आहे आणि पन्नास मीटरवर जुना वळणरस्ता तसाच नाला अडवून बसला आहे.

मुरमाबद्दल दोन गोष्टी. तलाव-नाल्यांतला गाळ-मुरूम रस्त्याला वापरून पाणीसाठा वाढवण्याचा ‘बुलढाणा पॅटर्न’ आम्हाला मनापासून पटतो. मराठवाड्यात तो जास्तीत जास्त व्हावा. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या एका शेततळ्यात जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते आणि त्याच खोदाईतून भरावाला २,१९६ घनमीटर माल मिळतो. मात्र माल तपासून घ्यावा. ज्या मातीचा मुक्त फुगवटा (पाण्यात भिजून होणारी वाढ) ५० टक्क्यांहून जास्त ती भरावात चालत नाही. आणि नाला खोल करताना मोरीच्या किंवा पुलाच्या अगदी जवळ खोदू नये, तिथले पात्र खाली गेले की पाया उघडा पडतो. रस्त्याकडेच्या खाणींना तर स्पष्ट मर्यादा आहेत: खोली दीड मीटरपर्यंत, दर ३०० मीटरला किमान ८ मीटर रुंद पट्टा न खोदता सोडायचा आणि त्यातून पाणी जायला लहान चर. रस्त्यांसारख्या रेषीय (लांबवर जाणाऱ्या) प्रकल्पांसाठी माती काढायला पर्यावरण मंजुरी नको, ही २०२०ची सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली, हेही तहसील पातळीवर माहीत असावे.

काँक्रीट रस्त्यांच्या कामात मिक्सर आणि प्लांट धुतलेले पाणी ओढ्यात सोडले जाते. सिमेंटच्या धुणावळीचा सामू (पीएच) १२च्या पुढे असतो, म्हणजे ते तीव्र क्षारीय असते. उन्हाळ्यात डबक्यात उरलेल्या पाण्यात ते गेले तर मासे मरतात आणि जनावरे त्याच पाण्यावर येतात. प्लास्टिक अंथरलेला एक खड्डा, त्यात धुणे, पाणी आटल्यावर घट्ट झालेला माल उचलणे, एवढेच करायचे असते.

गावांतून जाणाऱ्या भागात गटारांची तऱ्हा वेगळी. दोन्ही कडांना काँक्रीट गटार होते, पण ते जिथे संपते तिथे ओढ्याचा तळ गटाराच्या तळापेक्षा उंच निघतो आणि पाणी उलटे घरांत येते. गटाराची पातळी शेवटच्या टोकापासून मागे ठरवत यावी. आणि ज्या गावा-शहरांखाली जुने भुयारी पाट आहेत, बीडची खजाना विहीर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या नहरी, तिथे खोदाईआधी त्यांची रेषा जमिनीवर आखून घ्यावी. एकदा पोकलेनचा दात लागला की असे पाट दुरुस्त होत नाहीत.

हे सगळे पाहायला कुणी तरी बाहेरचा येईल अशी अपेक्षा धरू नये. राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण १०० किमीहून लांब असेल आणि आहे त्या मार्गावर ४० मीटरहून जास्त जादा जमीन घेतली जात असेल, तरच पर्यावरण मंजुरीचा प्रश्न येतो. आपल्याकडची बहुतेक कामे त्या खाली बसतात. म्हणून ग्रामपंचायतींनी काम सुरू होतानाच माहिती अधिकारात तीन कागद मागावेत: मोऱ्या-पुलांची यादी (ती करारातील अनुसूची ‘ब’मध्ये असते), त्यांचा विसर्गाचा हिशोब आणि कलम ३०६ खालचे मंजूर वेळापत्रक. यादी घेऊन रस्त्याने चालत जावे आणि गावनकाशावरचे प्रत्येक लवण यादीत आहे का ते पाहावे. राहिलेली मोरी भरावाआधी घालणे काही दिवसांचे काम असते. भरावानंतर तोच रस्ता फोडावा लागतो आणि मग ती कुणी घालत नाही.

दुसरी पाहणी मेच्या शेवटच्या आठवड्यात व्हावी, कनिष्ठ अभियंता, ठेकेदाराचा माणूस आणि ग्रामपंचायत सदस्य यांनी मिळून: मोऱ्यांची तोंडे मोकळी आहेत का, शटरिंगच्या फळ्या आणि खडीचे ढीग पात्रातून काढले का, पडदी भिंत आणि दगड जागेवर आहेत का. तिसरी पहिल्या मोठ्या पावसात, पाऊस ओसरायच्या आत. कामाच्या वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे ओढ्याचे पाणी दोन काचेच्या बाटल्यांत भरून शेजारी ठेवले की किती गाळ रस्त्याचा आहे ते तिथेच दिसते. प्रत्येक तक्रारीत गावाच्या नावाबरोबर रस्त्याचा साखळी क्रमांक, म्हणजे किलोमीटर आणि मीटर लिहावा आणि फोटोत एखादी मोजपट्टी किंवा माणूस उभा असावा. ‘गावाजवळच्या मोरीत पाणी तुंबते’ असा अर्ज फायलीत राहतो. ‘साखळी ४२/३०० येथील ९०० मिमी पाईप अर्धा बुजला आहे, वरच्या अंगाला दीड मीटर पाणी उभे आहे’ असे लिहिले, तर कार्यकारी अभियंत्याला कुणाला तरी त्याच जागी पाठवावे लागते.

आपले,
रस्ते आणि पाणलोटाच्या कामांत असलेले काही अभियंते,
बीड–धाराशिव